सायबर हल्ला झाला तर ऑफिसात कोणी, कोणाला, काय सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या छोट्या-मध्यम कंपन्या, सहकारी बँका आणि खासगी रुग्णालयांमध्ये मी कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेते. फोर्टमधलं जुनं ऑफिस असो की अंधेरी एमआयडीसीतला गाळा, सर्व्हर आणि फायरवॉलबद्दल उत्तरं द्यायला आयटीची माणसं असतात. सगळे अडतात ते सांगण्यापाशी. आत्ताच सांगायचं का, कोणत्या वाटेने सांगायचं, काउंटरवर ग्राहकाने विचारलं तर काय बोलायचं? वारंवार येणारे हे प्रश्न आणि माझ्या अनुभवातून मला पटलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हल्लाच झालाय याची खात्री नाही. तरी कर्मचाऱ्यांना सांगायचं?

हो, आणि लगेच. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर जायला मिनिटं पुरतात. नेमकं काय झालं हे शोधायला तपास करणाऱ्यांना कित्येक दिवस लागतात. तुम्ही खात्रीची वाट बघत बसता तेवढ्या वेळात दोनशे माणसं ऑफिसात येऊन लॅपटॉप जोडून मोकळी झालेली असतात. त्यांना कारण नंतर कळलं तरी चालेल, आत्ता काय करायचं आणि काय नाही एवढं कळलं पाहिजे.

१९ जुलै २०२४ ची गोष्ट आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो हल्ला नव्हता. पण सुरुवातीला ज्या ऑफिसात पडदे निळे झाले तिथल्या माणसांना हे कुठून कळणार? "मशीनला हात लावू नका, तासाभरात पुन्हा सांगतो" एवढा निरोप त्या वेळी हल्ला असता तरी बरोबर होता आणि नसता तरी बरोबरच होता.

एक मात्र सांभाळा. हल्ल्याची शंका असताना "किरकोळ तांत्रिक अडचण आहे" असं लिहू नका. दुपारपर्यंत खरं बाहेर येतं आणि मग तुमच्या पुढच्या निरोपावर कोणी विश्वास ठेवत नाही. "संशयास्पद हालचाल दिसली आहे" हे शब्द खरे आहेत आणि त्यांनी घबराटही होत नाही.

पहिल्या निरोपात काय असावं?

मी प्रशिक्षणात देते तो नमुना असा:

"सकाळी ७.४०. आपल्या काही संगणकांवर संशयास्पद हालचाल दिसली आहे. ऑफिसचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप सुरू करू नका. सुरू असेल तर लॅन केबल काढा, वाय-फाय बंद करा, मशीन तसंच चालू राहू द्या. पडद्यावर काही विचित्र दिसलं तर मोबाइलने फोटो काढा आणि पाकिटातल्या छापील कार्डावरच्या नंबरवर फोन करा. ऑफिसला नेहमीच्या वेळी या. पुढचा निरोप ९.३० ला येईल, नवीन काही नसलं तरी."

डोंबिवली किंवा विरारहून निघालेला माणूस त्या वेळी ट्रेनमध्ये दांडीला धरून उभा असतो. फोनच्या पडद्यावर त्याला जेमतेम दोन ओळी दिसतात, म्हणून करायची गोष्ट दुसऱ्याच वाक्यात आली पाहिजे. "प्रिय सहकारी, आपणांस कळविण्यात येते की" या सुरुवातीत त्या दोन्ही ओळी खर्च होतात.

नमुन्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढचा निरोप कधी येणार हे ठाऊक असलं की माणसं दर पाच मिनिटांनी आयटीला फोन करत नाहीत. पण साडेनऊ म्हटलं की साडेनऊलाच निरोप गेला पाहिजे. सांगण्यासारखं काही नसेल तर "तपास चालू आहे, सूचना तीच, पुढचा निरोप ११ ला" एवढं लिहा. एक वेळ जरी चुकवली तरी तिथून पुढे अफवा सुरू होतात.

मशीन पूर्ण बंद का नाही करायचं?

मशीन चालू असताना मेमरीत जे पुरावे असतात ते बंद केल्यावर जातात. नेटवर्कपासून तोडलं की पसरणं थांबतं, म्हणून आधी केबल आणि वाय-फाय. तोडताच येत नसेल तर मात्र बंद करणं हाच मार्ग उरतो. तुमच्या आयटीवाल्यांचं मत वेगळं असेल तर ते आधीच ठरवून घ्या. हल्ल्याच्या दिवशी दोन साहेबांनी दोन वेगळ्या सूचना देणं हे कोणत्याही एका चुकीच्या सूचनेपेक्षा वाईट.

ईमेलच बंद पडला किंवा ईमेलवरच संशय असेल तर निरोप कशावरून द्यायचा?

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आधीपासून तयार असतं त्याची निम्मी लढाई सोपी होते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं नेटवर्क पाडलं. त्याची झळ आपल्या न्हावा-शेव्याला, जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनललाही बसली. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि ते काम दहा दिवसांत झालं. त्या दिवसांत कर्मचाऱ्यांनी कामं चालवली ती खासगी व्हॉट्सअ‍ॅप आणि खासगी ईमेलवरून. एवढ्या मोठ्या कंपनीला ऐनवेळी हीच वाट शोधावी लागली. आपल्याला ती आधीच आखून ठेवता येते.

दुसरा धोका असा की निरोपाची वाट चालू असते, पण हल्लेखोरही तिथेच बसलेला असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्या माणसाने कंपनीच्या स्लॅक या आतल्या चॅटवर स्वतःच घोषणा केली, आणि काही कर्मचाऱ्यांना आधी ती कोणीतरी केलेली चेष्टा वाटली. तुमच्या टीम्सवर किंवा ऑफिस ईमेलवर चाललेली "आता कोणता सर्व्हर तोडायचा" ही चर्चा तो वाचत असू शकतो.

म्हणून बचावाचं बोलणं पूर्णपणे वेगळ्या वाटेने व्हावं. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण एक गोष्ट लोक हमखास विसरतात: ऑफिसच्या संगणकावर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब. तो संगणक हल्लेखोराच्या हातात असेल तर तुमचा ग्रुपही त्याच्या डोळ्यांसमोर आहे. ग्रुपवर पहिलं वाक्य लिहायच्या आधी प्रत्येकाने फोनमधलं "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून ऑफिसची मशीन काढून टाकायची. हे पहिल्याच सूचनेत घाला.

इंटरकॉमवर विसंबू नका. आजकालचे बरेच इंटरकॉम त्याच नेटवर्कवरून चालतात आणि नेटवर्क तोडलं की तेही मुके होतात. फोनमधले नंबर ऑफिसच्या खात्याशी सिंक होत असतील तर तेही हाताशी राहतील याची खात्री नाही. म्हणून कागद. एटीएम कार्डाएवढं छापील कार्ड, त्यावर सहा-सात नंबर, पाकिटात आणि घरी फ्रिजवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइल लागत नव्हते. ज्यांनी ती रात्र ऑफिसात किंवा रस्त्यावर काढली, त्यांना पाठ असलेल्या एका लँडलाइन नंबरची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

कार्डावर प्रत्येक कामासाठी दोन नावं हवीत. गणपतीत अर्धं ऑफिस कोकणात असतं आणि नेटवर्क सांभाळणारा एकुलता एक माणूस अशा वाडीत असतो जिथे रेंज टेकडीवर चढल्यावर येते. हल्लेखोरांनाही सुट्ट्या कळतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातली पहिली लूट ११ ऑगस्टला झाली. तो शनिवार होता, दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा.

आलेला निरोप खरा कशावरून?

हल्ल्याच्या गोंधळात "आयटीमधून बोलतोय, ओटीपी सांगा" असा फोन येणं अगदी शक्य आहे. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपलेच वरिष्ठ बघितले आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे ते चेहरे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे, होते.

दोन साधे नियम पुरतात. पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे पाठवण्याची सूचना आणीबाणीच्या निरोपातून कधीच जाणार नाही, हे आजच जाहीर करा. आणि शंका आली तर आलेल्या नंबरवर उलटा फोन न करता कार्डावरच्या नंबरवर करायचा. साहेबांचा आवाज हुबेहूब असला तरी. असा फोन करून खात्री करणाऱ्याला कोणी "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणणार नाही, हे साहेबांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं तर हा नियम टिकतो.

निरोप कोणी द्यायचा? आयटीप्रमुखांनी?

शक्यतो नाही. त्यांचे दोन्ही हात आग विझवण्यात गुंतलेले असतात. त्यांच्या शेजारी एक माणूस बसवा, त्याचं काम फक्त ऐकणं, साध्या भाषेत लिहिणं आणि पाठवणं. एचआरमधली, प्रशासनातली, कोणीही चालेल, पण ज्या व्यक्तीचं लोक ऐकतात अशी. बाहेरून येणारे सगळे प्रश्न तिच्याकडे, आणि आयटीच्या खोलीत इतर कोणी डोकवायचं नाही.

मंजुरीचा प्रश्न मात्र अवघड असतो. निरोप तयार असतो, पण संचालकांनी बघावा, मग वकिलांनी, मग पुन्हा संचालकांनी, आणि यात सकाळ जाते. पहिल्या दोन निरोपांचे मसुदे आत्ताच मंजूर करून ठेवा. त्या दिवशी फक्त वेळ आणि मजला भरायचा.

काउंटरवरच्या माणसाने ग्राहकाला काय सांगायचं?

"सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य मुंबईत सगळ्यांनी ऐकलंय आणि त्यावर कोणाचा विश्वास राहिलेला नाही. तरी काउंटरवरच्या मुलीला आपण दुसरं वाक्यच देत नाही. मग चार तास शिव्या तिने खायच्या.

३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. तिच्या सेवेवर चालणाऱ्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक यूपीआयपासून तुटले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. अशा वेळी हल्ला तिसऱ्याच ठिकाणी झालेला असतो, शाखेतल्या माणसाला त्याबद्दल काहीही ठाऊक नसतं, आणि समोर पेन्शन घ्यायला आलेल्या आजी उभ्या असतात.

त्याला हे वाक्य द्या: "आजी, आपल्या पैसे पाठवण्याच्या यंत्रणेत सुरक्षेसाठी काही सेवा थांबवल्या आहेत. रोख रक्कम काढता येईल. बाकीचं दुपारी तीनला फलकावर लावू. तुमचा पिन किंवा ओटीपी मात्र फोनवर कोणालाही देऊ नका." यातलं प्रत्येक विधान त्या दिवशी खरं आहे ना, हे मुख्य कार्यालयाने तपासून मगच पाठवायचं. रोख देता येणार नसेल तर तेही स्पष्ट लिहायचं. आणि "याहून जास्त मला सांगता येणार नाही, मॅनेजरसाहेबांकडे चला" असं म्हणायची मुभा त्याला हवी. त्याने अंदाज बांधून उत्तर द्यावं अशी वेळ त्याच्यावर आणू नका.

वॉचमन, हाउसकीपिंगच्या मावशी, कंत्राटी मुलं यांनाही सांगायचं?

त्यांनाच आधी. सकाळी सातला ऑफिस उघडतं कोण? शिपाईकाकाच सगळ्यांची मशीन सुरू करून ठेवतात, ही अनेक ऑफिसांची पद्धत आहे. साहेबांच्या ग्रुपवर पावणेआठला निरोप येतो आणि तोवर काकांनी वीस संगणक सुरू केलेले असतात, कारण त्या ग्रुपवर ते नाहीत.

मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर लॉकरगोगा रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सुमारे ३५,००० कर्मचाऱ्यांची ही कंपनी, पण तिने प्रवेशद्वारांवर कागद चिकटवले: नेटवर्कला काहीही जोडू नका. दारावरचा कागद सर्व्हरवर अवलंबून नसतो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडतो. कंपनीने त्याच दिवशी पत्रकारांसमोर हल्ल्याची कबुली दिली, खंडणी दिली नाही, आणि तिच्या मोकळेपणाचं पुढे जगभर कौतुक झालं.

आपल्याकडे तो कागद मराठीत आणि हिंदीत हवा, मोठ्या अक्षरात, दारावर, लिफ्टपाशी आणि हजेरीच्या यंत्राजवळ. त्याच्या प्रती आजच काढून वॉचमनच्या टेबलाच्या खणात ठेवा, कारण त्या दिवशी प्रिंटरही नेटवर्कवर असेल.

ज्याच्या क्लिकमुळे हे झालं, त्याचं नाव सांगायचं?

नाही. कुठेच नाही, कुजबुजीतही नाही.

एका कंपनीत मी हल्ल्यानंतर गेले होते. अकाउंट्समधल्या एका मुलीने शुक्रवारी संध्याकाळी बिल समजून एक अटॅचमेंट उघडली. पडद्यावर काळी चौकट क्षणभर चमकली आणि गेली. तिला संशय आला होता, हे तिने मला स्वतः सांगितलं. पण दोन महिन्यांपूर्वी फिशिंगच्या, म्हणजे फसव्या ईमेलच्या, चाचणीत चुकलेल्या सहकाऱ्याचं नाव सगळ्या मजल्यासमोर वाचून दाखवलं गेलं होतं. ती गप्प बसली, घरी गेली, शनिवार-रविवार जेवण गेलं नाही म्हणाली. सोमवारी सकाळी सगळे सामाईक फोल्डर कुलूपबंद झाले होते. शुक्रवारी साडेपाचला तिने एक फोन केला असता तर एका मशीनवर भागलं असतं. तो फोन तिने केला नाही याचं कारण त्या चाचणीच्या दिवशी तयार झालं होतं, आणि ते तिने तयार केलेलं नव्हतं.

यावर माझं मत ठाम आहे. चूक कळवणाऱ्याला पहिलं वाक्य ऐकू यावं ते "बरं झालं लगेच सांगितलंस." फोन घेणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ करायला लावा. पुढची चौकशी निवांत करता येते.

कर्मचारी खासगी ग्रुपवर चर्चा करतात. त्यांना कसं थांबवायचं?

पूर्ण थांबणार नाही. तुमचा निरोप अफवेच्या आधी पोचवणं एवढंच हातात आहे. "स्क्रीनशॉट बाहेर पाठवू नका, कारण त्यातून हल्लेखोराला आपली माहिती मिळते" असं कारण देऊन सांगितलं तर बहुतेक लोक ऐकतात. नुसत्या धमकीने ते फक्त दुसरा ग्रुप काढतात.

कारणाबद्दल, हल्लेखोराबद्दल अंदाज लिहू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारकडून सायबर घातपाताच्या शक्यतेबद्दल सांगितलं गेलं, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीचं कारण दिलं. सरकारी पातळीवर महिनोन्‌महिने एकमत होत नाही, तिथे तुमच्या ग्रुपवर पहिल्या दुपारी कोणाचं नाव घेण्यात काय अर्थ आहे?

सरकारला कळवण्याची मुदत आणि आतलं बोलणं यांचा काय संबंध?

फार जवळचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्येच २ ते ६ तासांची मुदत घातली. घड्याळ सुरू होतं ते लक्षात आल्यापासून. रात्रपाळीच्या मुलाने पहाटे तीनला बघितलं आणि साहेबांची झोप मोडायला नको म्हणून नऊला सांगितलं, तर सहाही तास घरातच संपले. कोणत्या वेळीही, कोणालाही उठवायची परवानगी लेखी द्या.

पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ फोन. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही.

वकील म्हणतात, काही लिहू नका. पुढे अंगाशी येईल.

वकिलांची काळजी रास्त आहे, पण तिचा अर्थ गप्प बसणं असा नाही. जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते लिहू नका. "८.१० ला तिसऱ्या मजल्यावरच्या चार मशीनवर खंडणीची चिठ्ठी दिसली" हे चालेल. "अमुक खात्याच्या हलगर्जीमुळे झालं असावं" हे नको. एक साधी वही घ्या, एकाने वेळेसह नोंदी करायच्या: कोणाला काय सांगितलं, कोणी काय ठरवलं. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा आणि जुने मेसेज काढू नका.

आमचा पगार होणार का? माझ्या आधार-पॅनचं काय झालं?

कर्मचाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो आणि तो विचारायला ते लाजतात. त्यांनी विचारायच्या आधी सांगा. पगाराची तारीख धोक्यात असेल तर कोणत्या दुसऱ्या मार्गाने देणार तेही सांगा. एचआरच्या सर्व्हरवर त्यांच्या कागदपत्रांच्या प्रती असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्यांचा डेटा फुटला त्यांना कळवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या या कायद्यासाठी कर्मचारीही त्या "ज्यांचा" मध्ये येतात. आपल्या घरच्यांचे तपशील बाहेर गेल्याचं त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये.

हे किती दिवस चालतं?

लोकांना वाटतं त्याहून जास्त. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे कामकाज कागदावर चाललं. तिसऱ्या दिवसापासून निरोप कंटाळवाणे होतात आणि माणसं ते वाचेनाशी होतात. तेव्हा दिवसाला दोनच निरोप ठेवा, सकाळी आणि संध्याकाळी. त्यात आज काय सुरू झालं ते आधी लिहा. रात्री जागणाऱ्या आयटीच्या मुलांना जेवण आणि घरी जायला गाडी कोण देणार, हेही ठरवून सांगा. शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल चुकलेला माणूस दुसऱ्या सकाळी चुका करतो.

याचा सराव कसा करायचा?

एखाद्या मंगळवारी सकाळी, आधी फक्त दोन-तीन जणांना सांगून, "आज ईमेल नाही असं समजा" एवढं जाहीर करा आणि छापील कार्डावरून सगळ्यांपर्यंत एक निरोप पोचवून बघा. शेवटच्या माणसापर्यंत किती मिनिटांत पोचला ते वहीत लिहा. ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही त्यांची नावं काढा, बहुधा त्यात शिपाईकाका, नवी लागलेली ट्रेनी आणि भिवंडीच्या गोदामातले दोघं असतील. त्यांचे नंबर त्याच दुपारी कार्डावर चढवा, आणि कार्ड पुन्हा छापून वाटा.